कडू नळ्यांचं नवरात्र

या वर्षीही मळणीयंत्र आमच्या शेतात आलं. कापून रचलेल्या सुडीवरची ताडपत्री निघाली, सोयाबीनच्या पेंढ्या यंत्रात जायला लागल्या आणि भुसकटाची धूळ थेट ओसरीपर्यंत आली. ही धूळ अंगाला खाजते, डोळ्यांत जाते. तिला वासही असतो, हिरवट, थोडा कच्च्या शेंगेचा आणि थोडा ओल्या पोत्याचा. लोकांना तो सुगीचा वास वाटतो. मला तो आला की जीभ कडू होते. हा काही डॉक्टरला दाखवायचा आजार नाही. पाच वर्षांपूर्वीच्या आश्विनात मी जिभेचं काम केलं होतं, त्यातलं एवढं अंगावर राहिलं आहे.

जालन्याहून बदनापूरकडे जाताना रस्त्याच्या कडेला तेव्हा एक पत्र्याचं शेड होतं आणि त्याला लागून दोन पक्क्या खोल्या. एका लहान कंपनीनं तिथं प्रयोगशाळा घातली होती. मी तिथं काचेची भांडी धुवायला जायचे. माझं शिक्षण चौथी, वय साठीच्या पुढं. भांडं कसं धुवायचं हे मला या वयात कोणी शिकवील असं वाटलं नव्हतं, पण तिथं शिकावं लागलं. नळाच्या पाण्यानं तीनदा, डब्यातल्या शुद्ध पाण्यानं तीनदा, फडकं लावायचं नाही, पालथं घालून आपोआप वाळू द्यायचं. पहिल्या दिवशी मी राखेनं घासून लखलखीत करून ठेवलं तर रुबिना डोक्याला हात लावून बसली.

रुबिना तिथली मुख्य. जाफराबादची पोरगी, वय अठ्ठावीसच्या आसपास, अन्नशास्त्र शिकून आलेली. बदनापुरात खोली घेऊन राहायची आणि शनिवारी एसटीनं घरी जायची. घरी उर्दू, आमच्याशी मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. तिचं काम होतं सोयाबीनच्या पेंडीचं. तेल काढून झाल्यावर जी पेंड उरते तिच्यात प्रथिनं भरपूर असतात. जनावरं ती पचवतात. माणसातल्या ज्यांचं पोट धड नाही, त्यांना ती तशीच पचत नाहीत. रुबिनाला ती आधीच तोडून, त्यातले कामाचे तुकडे वेगळे काढून, पाण्यात विरघळणारी पावडर करायची होती.

मी तिला विचारलं होतं, तोडायचं म्हणजे काय, जात्यावर दळायचं का?

"दळून काय होतं मावशी? दळलं तरी ते सोयाबीनच," ती म्हणाली. "आमची अम्मी मटणाला कच्ची पपई लावते. मटण नरम का पडतं? पपईचा चीक आतून कापतो. हे बराबर तसंच."

मग मला समजलं. पेंडीचं पीठ कोमट पाण्यात कालवायचं, त्यात पपईच्या चिकासारखं औषध घालायचं. ती त्याला एन्झाईम म्हणायची. ते आतल्या आत कापत बसतं. ठरलेली वेळ झाली की उकळी द्यायची, म्हणजे त्याचं काम थांबतं. मग गाळायचं. जाड गाळ वेगळा. उरलेलं पाणी अशा पडद्यातून ढकलायचं की ज्याची भोकं दिसत नाहीत. मोठे तुकडे वर अडकतात, बारीक खाली येतात. खाली येतं ते चहाच्या फिकट पाण्यासारखं दिसतं. पहिल्यांदा मला ते धुवण वाटलं होतं आणि म्हशीसाठी कॅनमध्ये भरायला मी निघालेच होते. रुबिनानं वेळेवर कॅन धरला.

तेवढ्यानंही भागत नव्हतं. ते पिवळं पाणी कडू असायचं. प्रथिनं अख्खी असतात तेव्हा कडू लागत नाहीत, तोडली की लागतात. काही तुकडे फार कडू, काही मध्यम, काहींना चवच नाही. म्हणून रुबिना ते पाणी हातभर लांबीच्या उभ्या काचेच्या नळीत वरून सोडायची. नळीत ओल्या रव्यासारखं काहीतरी पांढरं भरलेलं. काही तुकडे त्याला धरून राहायचे, काही लगेच खाली यायचे. खाली लहान नळ्यांची रांग. थेंब थेंब पडायचा, एक भरली की दुसरी. आधीच्या नळ्या गोड्या पाण्यासारख्या, शेवटच्या जहर.

मला वाटलं, जहर असेल तर ओतून द्या, संपलं.

"तसं नाही ना जमत," रुबिना म्हणाली. "जे अंगाला बिलकुल बनवता येत नाही, बाहेरूनच घ्यावं लागतं, तेच कडू तुकड्यांत जास्त आहे. सगळं कडू फेकलं तर पेशंटला रंगीत पाणी पाजल्यासारखं. सगळं ठेवलं तर पेशंट पीतच नाही. किती फेकायचं, हाच माझा जॉब."

ते ठरवायला जीभ लागत होती. यंत्रं होती, पण कडू किती लागतं ते यंत्र सांगत नाही. शेडमध्ये आम्ही सात-आठ माणसं. गडी तंबाखू खायचे, बाया मिश्री लावायच्या. मला यातलं काही नाही. माझी एवढीच लायकी. रुबिनानं मला समोर बसवलं आणि लहान कप मांडले. तोंडात घ्यायचं, जिभेवर फिरवायचं, थुंकायचं, चूळ भरायची, पुढचा कप. गिळायचं नाही. समोरच्या कागदावर आकडा मांडायचा. शून्य म्हणजे पाणी, एक म्हणजे मेथीची भाजी, दोन म्हणजे कारलं, तीन म्हणजे कडुलिंबाचा पाला. चार मी स्वतः वाढवला, थुंकल्यावरही जात नाही ते.

आता खेड्यातल्या दुकानातसुद्धा प्रोटीनचे डबे दिसतात. दंड फुगवणारी पोरं ते दुधात ढवळून पितात आणि चॉकलेटचा वास आला म्हणून खूश होतात. त्या डब्यामागं कोणाची तरी जीभ कामाला लागली असेल, असं मला वाटतं. पोरांना सांगितलं तर हसतात. हसू देत.

त्याच वर्षी भादव्यात माझ्या जावेचं ऑपरेशन झालं. कौसा माझी धाकटी जाऊ. आम्ही एका घरात चाळीस वर्षं काढली, चुली दोन आणि नळ एक. त्या नळावरून आम्ही जेवढं भांडलो तेवढं नवऱ्यांशी भांडलो नाही. तिच्या पोटात गाठ निघाली आणि जालन्याच्या डॉक्टरनं निम्म्याहून जास्त जठर काढून टाकलं. गाठ गेली, पण जखम भरत नव्हती. वरणाचं पाणी दिलं तरी उलटून पडायचं. डॉक्टरनं एक डबा लिहून दिला, पचवून ठेवलेल्या प्रथिनांची पावडर, दिवसातून चार वेळा. आणि सांगितलं, नवरात्रातल्या नवमीला दाखवायला आणा. तोवर वजन वाढलं नाही आणि जखम मिटली नाही तर नाकातून नळी घालून पुन्हा भरती करावं लागेल, आणि या तब्येतीला दुसऱ्यांदा दवाखाना झेपेल याची खात्री मी देत नाही.

कौसानं पहिला घोट घेतला आणि तो माझ्या लुगड्यावर आला.

"अक्का, इख पाजून राह्यल्या का मला?"

मी बोट बुडवून चाखलं. माझ्या हिशोबात अडीच. कारल्याच्या पुढं, कडुलिंबाच्या अलीकडं. ओळखीची चव होती. तिच्या पोटाचं काम कोणीतरी बाहेरच उरकून डब्यात भरलं होतं, आणि ते काम कसं होतं ते मी रोज पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मी रुबिनाला म्हटलं, तुझं गाळलेलं चांगलं पाणी एक बाटली दे. ती सरळ नाही म्हणाली. तपासण्या झाल्याशिवाय माणसाला द्यायची परवानगी नाही, आजाऱ्याला तर नाहीच. डॉक्टरांचा डबा तेच काम करतो, तोच द्या. मला तिचा राग आला नाही, माझ्याशी सरळ बोलणारी माणसं मला बरी वाटतात. पण तिनं युक्ती सांगितली. साखरेनं कडू झाकत नाही, उलट शेवटी जास्त कळतं. गार करा, चिमूट मीठ आणि थोडं आंबट घाला, घोट लहान ठेवा. मी दवाखान्यातल्या सिस्टरला फोन करून विचारलं. ती म्हणाली, लिंबाचे चार थेंब चालतील. माठातल्या पाण्यात पावडर कालवली, मीठ घातलं, लिंबू पिळलं. कौसा नाक धरून प्यायली. उलटलं नाही. आठ-दहा दिवसांत तिच्या आवाजात धार आली आणि ती सुनेला, मीनाला, भाकरी जाड झाली म्हणून बोलली. तेव्हा मला वाटलं, आता जगेल.

मग घट बसले.

कौसाचं माहेर पिंपळगाव रेणुकाई. नवरात्र तिच्यासाठी वर्षाच्या बाकी दिवसांपेक्षा मोठं. घरातल्या आम्ही बाया उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस उपास करणाऱ्या. ती मात्र लग्न होऊन आल्यापासून नऊच्या नऊ दिवस. धान्य नाही, डाळ नाही, एक भगरीचा घास सोडला तर काही नाही. शेतातली काळी माती आणून मीनानं घट मांडला, गहू पेरला, पहिली माळ लावली. कौसानं अंथरुणावरून हात जोडले आणि मीनाला विचारलं, "त्या डब्यावर काय लिवलंय ते वाच बरं. कशापासून केलंय?"

मीना भोळी. तिनं वाचलं, सोयाबीन.

"मंग ते नऊ दिवस बंद."

मी म्हटलं, "कौसे, त्यातलं सोयाबीन राह्यलंच न्हाई आता. त्याचे तुकडे केलेत. तुकड्यांचे तुकडे केलेत. डोळ्याला दिसत न्हाई एवढं बारीक झालं ते. त्याला डाळ म्हणायचं का?"

"तुम्ही रोज त्याच्यात हात घालता, तुम्ही सांगा. सोयाबीन न्हाई तर काय गहू हाय का?"

  तोडलेल्या वस्तूला तिच्या आधीच्या नावानं हाक मारायची की नाही, हे रुबिनालाही विचारलं होतं. ती म्हणाली होती, डब्यावर मात्र लिहावंच लागतं.

"तू पित न्हाई तर नवमीला दवाखान्यात नेऊन टाकतील तुला," मी म्हटलं.

"टाकू द्या. घरात घट बसलाय आन उपास धरणारं कोणीच न्हाई, असं या घरात झालं न्हाई कधी."

"मी धरते."

"तुम्ही? तुम्ही तर एकादशीला भजे तळून खाता."

"नऊ दिवस न्हाई खात. तुझ्या बदली मी धरते. तू तुझा पेला पी."

तिनं अट घातली. धान्याचा कण, डाळीचा थेंब जिभेला लागायचा नाही. लागला की बदली संपली, मग ती स्वतः धरणार आणि डबा बंद. रोज तिन्हीसांजेला ती विचारणार आणि मी सांगणार. मी हो म्हटलं. देवीवर माझा काही फार भरवसा होता असं नाही. कौसाच्या हट्टावर मात्र पूर्ण होता.

भगर मला आवडत नाही. साबुदाण्यानं पोट फुगतं. रताळी खाऊन खाऊन तोंडाला चिकटा आला. बाहेर सगळ्या शिवारात सोयाबीनची सोंगणी चालू, बायांच्या फडक्यांतून भाकरी आणि ठेच्याचा वास यायचा. मी शेंगदाणे चघळत शेडमध्ये जायचे. तिथं मी कोणाला काही सांगितलं नाही. देवाधर्माची टवाळी करणारी म्हणून मी तिथं प्रसिद्ध. मीच उपास धरलाय म्हटलं असतं तर गडी आठवडाभर हसले असते. आणखी एक गोष्ट होती. जिभेचं काम मिळाल्यापासून मला तिथं मान होता, तो दुसऱ्या कोणाला जावा असं वाटत नव्हतं. हे खरं कारण, ते लपवण्यात अर्थ नाही.

तिसऱ्या माळेला रुबिनानं वीस कप मांडले. महिन्याभराच्या कामाचा तो शेवटचा डाव होता. नवमीला मोठ्या कंपनीची माणसं चव बघायला येणार होती, आणि त्यांनी तोंड वाकडं केलं तर तिचं काम तिथंच बंद होणार होतं. माझ्यावर तिच्या चेहऱ्याचा परिणाम नको म्हणून ती नेहमीसारखी दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. मी कप उचलले, ओठाजवळ नेले आणि खाली ठेवले. चाखलं नाही. आकडे मात्र मांडले. आधीच्या नळ्या गोड्या आणि शेवटच्या कडू, हे मला पाठ झालं होतं. पहिल्या आठांना शून्य, मग एक, दोन, शेवटी तीन-चार.

त्या खेपेला रुबिनानं कपांची उलटसुलट केली होती. आधीच माहीत असलं की जीभ फसते, म्हणून. असंच करायचं असतं म्हणे.

तिनं माझ्या आकड्यांवर विसंबून ठेवायच्या नळ्या एका भांड्यात ओतल्या आणि बाकीच्या दुसऱ्यात. सातव्या माळेला ठेवायचं भांडं आटवून झालं, तिनं चमचा तोंडाला लावला आणि मोरीकडं धावली. परत आली तेव्हा तिचे डोळे पाण्यानं भरले होते. काही कडूमुळे असेल.

"मावशी, हे शून्य आहे?"

मी सांगून टाकलं. चाखलं नाही. उपास आहे. जावेच्या बदली आहे. सगळं सांगितलं.

तिनं भांड्यावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही मला नुसतं सांगितलं असतं तर मी थांबले असते. त्या लोकांना फोन करून तारीख पुढं घेतली असती. आता परवावर आलंय, ते बिलकुल ऐकणार नाहीत."

हे मला सुचलं नव्हतं. सांगितलं की माणूस थांबतो, हे सुचायला एवढं वय अपुरं पडलं.

प्रत्येक नळीतलं निम्मं तिनं बाजूला काढून बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं, तेवढं शाबूत होतं. तिची स्वतःची जीभ बधिर झालेली. बाकीच्यांच्या जिभा तंबाखूच्या. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही. नुसती म्हणाली, "आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो. तुमच्या जाऊबाईंना कोणी सांगितलं नाही का?"

"तू येऊन सांग. पुढच्या दारानं येशील आन मागच्या दारानं पळशील."

ती हसली नाही.

आठव्या माळेला सकाळी मी जाऊन खुर्चीवर बसले आणि म्हटलं, कप आण. तिनं विचारलं, उपास? मी म्हटलं, तू कप आण. वीस कप, एकेक करून जिभेवर घेतले. सात दिवस धान्यडाळ न शिवलेली जीभ होती ती. एरवी कारलं आणि मेथी एवढंच कळायचं, त्या दिवशी दोन कारल्यांतला फरक कळला. एका कपात कडू आधी लागायचं आणि लगेच विझायचं, एकात आधी काही नाही आणि मागाहून घशापर्यंत. मी तसं लिहिलं, अर्धे-पाव आकडे घालून लिहिलं. तसं काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. थुंकले, चूळ भरली, घरी आले.

तिन्हीसांजेला मीनानं आठवी माळ लावलेली होती. घटातले गहू वीतभर वाढून पिवळट झाले होते. मी पेला कालवला. कौसानं रोजचं विचारलं.

"मोडला न्हाई ना?"

मी तोंडावर बोलणारी बाई. सासऱ्याला तोंडावर बोलले, तलाठ्याला बोलले. खोटं बोलायला लागतं तेवढी भीती मला कधी कोणाची वाटली नाही. त्या संध्याकाळी मला त्या पेल्याची भीती वाटली, तो तसाच भरलेला परत येईल याची.

"न्हाई," मी म्हटलं.

ती प्यायली.

ते शेड आता राहिलं नाही. तिथं पाइपांचं गोदाम आहे. रुबिना हैदराबादला मोठ्या प्रयोगशाळेत आहे, ईदला आणि दिवाळीला फोन करते. तिच्या त्या नवमीला लोक आले, पेला पुढं केला, आणि कोणी तोंड वाकडं केलं नाही. निम्माच माल होता म्हणून पुढच्या तपासण्यांना तो कमी पडला आणि तिला दोन महिने पुन्हा घालावे लागले. ते दोन महिने माझ्यामुळं गेले. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी इथं लिहिते.

मी त्या दिवशी शेडमध्ये नव्हते. कौसाला घेऊन जालन्याला गेले होते. डॉक्टरनं पट्टी काढली, बोटानं दाबून बघितलं, काट्यावर उभं केलं. जखम मिटली होती. वजन थोडंच, पण वाढलं होतं. नळी नको म्हणाले, डबा चालू ठेवा. जीपमध्ये परत येताना ती खिडकीशी बसली आणि सुड्या मोजत राहिली, कोणाची झाकली, कोणाची उघडी.

दसऱ्याला घट उठला. पोरं सोनं वाटायला बाहेर पडली. कौसा भिंतीला धरून माझ्या चुलीपर्यंत चालत आली, हातात आपट्याची दोन पानं. ती माझ्या हातात दिली आणि पायाशी वाकायला लागली. नळावरची भांडणं सुरू झाल्यापासून तिनं कधी माझे पाय धरले नव्हते.

"वाकू नको, टाके ओढतील."

"ओढू द्या. अक्का, तुमचा उपास फळला."

मी तिला दंडाला धरून उभं केलं. खरं सांगायला ती वेळ चांगली होती. तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही सांगितलं नाही. तिला वाचता येत नाही, म्हणून इथं लिहायला हरकत नाही.

"उपासाचं राहू दे," मी म्हटलं. "सकाळचा पेला तसाच झाकून हाय. तो पी आधी."

तिनं नाक धरलं, पेला रिकामा केला आणि माझ्या हातात आपटला.

"आई पावली," ती म्हणाली, "पर चव काई सुधरली न्हाई."